पावणेतीनची फ्लाइट

परदेशी जाणाऱ्या विमानांना रात्रीचंच एवढं वेड का, हा प्रश्न पहाटे दोनला एअरपोर्टच्या रांगेत जांभया देणाऱ्या प्रत्येकाला पडतो. उत्तर साधं आहे. मुंबईहून जर्मनी साधारण नऊ तासांवर. हिवाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. पावणेतीनला इथून उडालं की विमान सकाळी सव्वासात-साडेसातला तिकडे टेकतं आणि मग अमेरिकेकडे जाणारी पुढची विमानं आरामात गाठता येतात. त्यात फ्रँकफर्टला २०११ पासून रात्री अकरा ते पहाटे पाच विमानांची ये-जाच बंद. म्हणजे तिकडच्या लोकांची झोप मोडायची नाही, असा त्यांचा नियम. मग जागरण कुणी करायचं? आपण. आपल्याला सवय आहे म्हणा. गणपती, नवरात्र, क्रिकेट आणि फ्लाइट!

या जागरणावर मुंबईत एक अख्खा धंदा उभा आहे. मी पंचतारांकित हॉटेलांबद्दल बोलत नाहीये. काचेची लिफ्ट, लॉबीत ऑर्किड आणि कॉफीच्या कपाची किंमत बघून तहान मरते, ती हॉटेलं वेगळी. मी म्हणतेय ती पार्ले पूर्वेच्या नेहरू रोडवर, सहार रोडवर, चकाल्यात, मरोळला गल्लीच्या तोंडाशी उभी असलेली तीन मजली छोटी हॉटेलं. कुठल्याही साखळीची नाहीत. खाली काउंटर, काउंटरवर गणपती, गणपतीसमोर उदबत्ती, मागे किल्ल्यांचा फळा. बाहेरच्या बोर्डावर विमानाचं चित्र हमखास. आपण टॅक्सीतून जाताना ती शंभरदा बघतो आणि मनात म्हणतो, इथं कोण राहत असेल?

मी राहिले. एकदा नाही, गेल्या चार वर्षांत पाच वेळा, त्याच एका हॉटेलात. फ्रीलान्सरला पंचतारांकित परवडत नाही, आणि पुण्याहून रात्री अकराला निघून घाटात ट्रकच्या मागे अडकत, देवाचा धावा करत एअरपोर्ट गाठण्याची हिंमत माझ्यात नाही. एक्सप्रेस-वे ९४ किलोमीटरचा, पण त्यातले खंडाळ्याचे थोडे किलोमीटर कधी कधी बाकीच्या सगळ्यांना भारी पडतात. त्यापेक्षा दुपारीच यावं, चार तास पाठ टेकावी, अंघोळ करावी आणि माणसासारखं विमानात चढावं. हा माझा फंडा.

आता भूगोल, कारण लोक इथंच गंडतात. मुंबई विमानतळाची दोन टर्मिनल्स. टी-१ म्हणजे जुनं सांताक्रूझ, पार्ल्याला चिकटलेलं. टी-२ म्हणजे सहार, अंधेरी पूर्वेला, २०१४ मध्ये उघडलेलं ते पांढऱ्या खांबांचं देखणं प्रकरण. धावपट्ट्या दोघांना सामायिक, पण रस्त्याने एकातून दुसरीकडे जायचं तर चार-पाच किलोमीटर आणि ट्रॅफिकची मर्जी. रिक्षावाले अजून विचारतात, ‘डोमेस्टिक की इंटरनॅशनल?’ पण देशातल्या देशात जाणारी बरीच विमानंही आता टी-२ वरून सुटतात. त्यामुळे या प्रश्नाला ‘डोमेस्टिक’ असं बाणेदार उत्तर दिलंत, तर भलतीकडे पोचाल. तिकिटावर टर्मिनलचा नंबर छापलेला असतो. तोच सांगायचा. आणि रिक्षाने जाणार असाल तर हायवेवरून थेट टी-२ ला नेणाऱ्या उन्नत मार्गावर रिक्षाला बंदी आहे, हेही लक्षात ठेवा. २०२४ च्या ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रो आली, दोन्ही टर्मिनल्सना स्टेशनं मिळाली, दिवसा तर सॉलिड सोय झाली. पण मेट्रो रात्री झोपते. पावणेतीनची फ्लाइट झोपत नाही.

माझं हॉटेल पार्ल्यात. टी-१ जवळ, टी-२ थोडं लांब. तरी मी पार्लंच धरून आहे, कारण गल्लीतून बाहेर पडलं की वडापाव आहे, झुणका-भाकर आहे, दीनानाथ नाट्यगृहाच्या जाहिराती वाचायला मिळतात आणि आपण मुंबईत आहोत असं वाटतं. इतर ठिकाणी आपण फक्त ‘एअरपोर्टजवळ’ असतो. पूर्वी स्टेशनात गाडी शिरली की बिस्किटांचा गोड वास यायचा. पार्ल्याचा तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला आणि वासही गेला. जुने पार्लेकर अजून त्याच्याबद्दल नातेवाइकाबद्दल बोलावं तसं बोलतात.

हॉटेल तीनच मजली का, असं मी पहिल्या खेपेला विचारलं होतं. काउंटरवरचे काका म्हणाले, ‘वर विमान आहे ना!’ मला वाटलं गंमत करताहेत. पण गंमत नव्हती. विमानतळाच्या भोवती इमारतींच्या उंचीवर मर्यादा असते आणि विमान ज्या वाटेने उतरतं-चढतं तिथं ती आणखी कडक होत जाते. फनेल झोन म्हणतात त्याला. पार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर इथल्या कित्येक जुन्या इमारतींचा पुनर्विकास याच कारणाने वर्षानुवर्षं अडकलाय. बाकी मुंबई आकाशाला हात लावत सुटलेली असताना ही गल्ली आपली खालीच राहिली. तिथं अजून बाल्कनीत साड्या वाळतात. छोटं हॉटेल टिकलं त्यात या नियमाचाही वाटा असावा, असं मला वाटतं. टॉवर बांधता आला असता तर मालकाने कधीच विकून टाकलं असतं!

खोलीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दोन पलंग जोडून केलेला डबल बेड, मधली फट चादरीखाली हाताला लागते. एसीचा आवाज विमानापेक्षा मोठा. बाथरूममध्ये शॉवर आहे, पण बादली आणि मगही आहे, आणि त्याबद्दल मी ऋणी आहे. बोटभर साबणाची वडी. खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीतलं स्वयंपाकघर. एकदा तिथल्या बाईंनी मला बघून पडदा ओढला नाही, उलट विचारलं, ‘कुठं चाललात?’

पण अशा हॉटेलात खोली कुणी बघत नाही. बघायचं ते तीन गोष्टींकडे. एक, चोवीस तास चेक-इन आहे का. बहुतेक ठिकाणी चेक-आउट दुपारी बाराला असतं, मग तुम्ही रात्री दहाला या नाहीतर पहाटे पाचला, दिवस तोच धरतात. चोवीस तासांचा हिशेब असेल तर दुपारी चारला आलात की दुसऱ्या दिवशी चारपर्यंत खोली तुमची. फोनवर हे आधीच विचारून घ्या. दोन, एअरपोर्टला सोडायला गाडी आहे का आणि ती रात्री दोनला खरंच येते का. ‘येते’ आणि ‘येईल’ यात फरक असतो. तीन, ओळखपत्राची काय भानगड आहे. आधार देणार असाल तर मास्क केलेलं द्या, पहिले आठ आकडे झाकलेलं. हॉटेलाला तुमची ओळख पटवायची असते, अख्खा नंबर नको असतो. परदेशी पाहुणा असेल तर हॉटेलाला चोवीस तासांत सी फॉर्म भरावाच लागतो, म्हणून त्यांच्या पासपोर्टाची जरा जास्त उलटापालट होते.

आणि हो, तो चिरंतन प्रश्न. लग्न न झालेल्या जोडप्याला खोली मिळते का? कायद्याने कसलीही आडकाठी नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट शब्दांत सांगितलं. तरी ‘मॅडम, लोकल आयडी चालत नाही’ हे वाक्य या पट्ट्यात तुम्हाला ऐकायला मिळतंच. म्हणजे अंधेरीच्या माणसाने अंधेरीत झोपायचं असेल तर त्याने घरीच झोपावं! आमचे काका त्यातल्या त्यात मवाळ. ते विमानाचं तिकीट मागतात. तिकीट असेल तर कुणीही या. मी त्यांना म्हटलं, काका, हे पण चूकच आहे. ते म्हणाले, ‘चूकच आहे. पण रात्रपाळीला मी एकटा असतो.’ वाद घालण्यासारखं होतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून घातला नाही.

हे काका मूळचे कणकवलीकडचे. बावीस वर्षं रात्रपाळी. संध्याकाळी सातला येतात, सकाळी सातला जातात. काउंटरवर त्यांच्या मागे दोनच घड्याळं आहेत, एकाखाली ‘मुंबई’ आणि दुसऱ्याखाली ‘दुबई’. लंडन-न्यूयॉर्कची भानगडच नाही. कारण इथं उतरणारे बरेच जण रत्नागिरी, राजापूर, मंडणगडकडून आखातात कामाला जाणारे. त्यांच्याबरोबर बोटीवर रुजू व्हायला निघालेली पोरं, ऑगस्टमध्ये अमेरिकेला शिकायला निघालेली मुलं आणि त्यांचे आई-वडील, आणि मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या आया. या शेवटच्या वर्गाबद्दल काका म्हणतात, ‘सामान त्यांचं सगळ्यात भारी.’

आणि म्हणूनच काउंटरच्या शेजारी जमिनीवर एक वजनकाटा आहे. धान्याच्या दुकानात असतो तसला, सपाट, लोखंडी. मला विचाराल तर त्या हॉटेलातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू तीच. अमेरिकेला साधारण दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलो. घरी बाथरूममधल्या काट्यावर भरलेली बॅग हमखास २३ दाखवते, इथं ती पंचवीस भरते. मग रात्री नऊ ते बारा या वेळात लॉबीत जे चालतं ते बघण्यासारखं असतं. फरशीवर उघड्या बॅगा. डिंकाचे लाडू, मेतकूट, भाजणी, लोणच्याच्या बरण्या, बाळाची दुपटी, साखळीने बांधलेला कुकर. कुणी वरणाची डाळ काढतंय, कुणी साडी. नवरा-बायकोत हळू आवाजात भांडणं. काका खुर्चीवरून न उठता सल्ला देतात. ‘दुबईवरून जाताय? लाडवात खसखस आहे का? मग ते राहू देत. तिकडं खसखस बंद आहे.’ हा सल्ला पक्का आहे, संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे आणि आपल्या डिंकाच्या लाडवांना ते माहीत नसतं. बाहेर राहिलेलं सामान काकांच्या मागच्या कपाटात जातं. कुणी परत येताना नेतं, कुणी नेत नाही. बावीस वर्षांत त्यांनी घरी लोणचं विकत आणलेलं नाही.

काकांचा दुसरा ठरलेला प्रश्न म्हणजे, ‘तारीख कुठली?’ १७ तारखेची पहाटे पावणेतीनची फ्लाइट म्हणजे १६ च्या रात्री निघायचं असतं. हे वाचताना सोपं वाटतं. पण १७ च्या रात्री ऐटीत गाडी मागवणारी माणसं त्यांनी बघितली आहेत. एक कुटुंब तर हार घालून, पेढे वाटून, एक दिवस उशिरा निघालं होतं.

या जानेवारीत मी आईला घेऊन तिथं गेले. ताई न्यू जर्सीत, तिचे दिवस भरत आलेले. आई एकटी जाणार होती. बाबा असते तर दोघं गेले असते, पण त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिक्षिका, सातारा जिल्हा पालथा घातलेला. पण विमानात ती फक्त एकदाच बसली होती, पुणे ते दिल्ली, आणि तेव्हा बाबा शेजारी होते.

ताईने व्हीलचेअर लिहून ठेवा म्हणून हट्ट धरला होता. हा आता मराठी आई-बाबांचा राजमार्ग झालाय. गुडघे ठणठणीत असले तरी चालेल, व्हीलचेअर घेतली की कुणीतरी ढकलत नेतं, रांगा, फॉर्म, गेट सगळं आपोआप पार पडतं, भाषेचा प्रश्नच येत नाही. आई म्हणाली, ‘मी दोन डोंगर चढून शाळेत जायचे. खुर्चीत बसून अमेरिकेत जाणार नाही.’ विषय संपला.

पण मला खरं टेन्शन दुसरंच होतं. ताई गेले दोन महिने फोनवर हळूच एकेक गोष्ट सरकवत होती. इथं हवा किती छान आहे, बेसमेंट रिकामंच आहे, तू तिकडे एकटी काय करणार. साताऱ्याच्या घरासाठी एका एजंटाचा फोनही येऊन गेला होता, कुणी नंबर दिला ते कुणीच सांगितलं नाही. मी पुण्यात भाड्याच्या घरात, महिन्याला चार लेख लागले तर भाडं निघतं, अशी माझी तऱ्हा. ‘आई, माझ्याकडे राहा’ असं म्हणण्याइतकी जागाही माझ्याकडे नाही. आणि आईला सरळ विचारावं, ‘तू परत येणार आहेस ना?’ तर तो प्रश्न माझ्या तोंडातून निघत नव्हता. पुण्याहून पार्ल्यापर्यंत चार तास गाडीत आम्ही पासपोर्ट, औषधं आणि मोजे यांवरच बोललो.

लॉबीत बॅगा काट्यावर चढल्या. पहिली २२ किलो ८०० ग्रॅम. आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तिला नापास करायला टपले होते. दुसरी साडेचोवीस. मग उघडणं आलं. तांब्याचा तांब्या बाहेर, बाळासाठी घेतलेला खलबत्ता बाहेर. तळाशी ओल्या फडक्यात गुंडाळलेली कढीपत्त्याची जुडी निघाली. आमच्या परसातली.

‘हा चालणार नाही,’ काका म्हणाले. ‘अमेरिकेत कढीपत्ता सोडत नाहीत. बाकीचं खाण्याचं आहे असं फॉर्मवर, नाहीतर तोंडाने सरळ सांगायचं. लपवलं की दंड.’

‘पानंच तर आहेत,’ आई म्हणाली.

‘मॅडम, मी सांगत नाही, त्यांचा कायदा सांगतोय.’

आईने जुडी काउंटरवर ठेवली. बोलता बोलता ती शिक्षिका होती हे काकांना कळलं आणि त्या क्षणापासून ‘मॅडम’ची ‘बाई’ झाली. मग त्यांनी चष्मा लावला, खुर्ची सरळ केली आणि म्हणाले, ‘बाई, एकदा रंगीत तालीम करू. मी इमिग्रेशन ऑफिसर.’

मला वाटलं आई हसण्यावारी नेईल. ती उभी राहिली, पदर नीट केला, पासपोर्ट पुढे ठेवला.

‘पर्पज ऑफ व्हिजिट?’

‘व्हिजिटिंग माय डॉटर. शी इज एक्स्पेक्टिंग.’

‘छान. खरं तेच सांगायचं, पण विचारलं तेवढंच. पुढचं. हू इज पेइंग फॉर युवर ट्रिप?’

‘आय हॅव माय पेन्शन. टिकेट इज माय डॉटर.’

‘बाय माय डॉटर,’ मी म्हटलं. आईने मला हाताने गप्प केलं.

‘हाऊ लाँग यू विल स्टे?’

‘फाइव्ह मंथ्स.’

काकांनी चष्म्यावरून बघितलं. ते त्यांच्या कामात अगदी रंगले होते. ‘अँड देन?’

आई थांबली. मी बॅगेची चेन ओढत होते, ती तशीच अर्ध्यावर राहिली.

‘देन आय कम होम,’ आई म्हणाली. ‘माय हाऊस इज इन सातारा. माय यंगर डॉटर इज हिअर.’ आणि मग मराठीत, ‘आणि जूनमध्ये कौलं शाकारायची आहेत, माणसाला आत्ताच सांगून ठेवलंय.’

‘कौलांचं त्यांना सांगू नका,’ काका म्हणाले, आणि त्यांनी पासपोर्टवर तळहाताने शिक्का मारला.

मी चेन लावली. पुन्हा वजन केलं. २३ वर काटा स्थिर.

रात्री अकराला निघालो. एअरपोर्टवर निरोप घेणं हा प्रकार आता जवळजवळ संपलाय, हे तुमच्या लक्षात आलंय का? दारावर सुरक्षा दलाचा जवान तिकीट आणि पासपोर्ट बघतो, तिकीट नाही त्याला आत प्रवेश नाही. गाडी थांबते, मागचा हॉर्न वाजवतो, डिकी उघडायची, ट्रॉली ओढायची, एक मिठी, वाकून नमस्कार, आणि माणूस काचेपलीकडे. टी-२ च्या आत जय हे नावाचं भलंमोठं कलादालन आहे, देशभरातली शिल्पं आणि चित्रं लावलेली. सोडायला आलेल्यांना त्यातलं काहीही दिसत नाही. म्हणून मला वाटतं की खरं एअरपोर्ट आता ती लॉबीच झालीय. तिथं बसायला खुर्ची असते, चहा मिळतो, रडायला वेळ असतो आणि कुणी शिट्टी मारून गाडी पुढे घ्यायला लावत नाही. आखातात जाणाऱ्या एका मुलाच्या आईला मी तिथं बघितलंय. मुलगा एअरपोर्टला गेला तरी ती अर्धा तास त्याच खुर्चीत बसून होती. काकांनी तिला काही विचारलं नाही. फक्त पंख्याचा वेग वाढवला.

आई ट्रॉली ढकलत आत गेली. मागे वळून हात हलवेल म्हणून मी थांबले होते, पण ती जवानाला काहीतरी समजावून सांगत होती. बहुतेक पासपोर्टवरच्या फोटोबद्दल. तो फोटो तिला आवडत नाही.

हॉटेलवर परत आले तेव्हा काका दाराशी उभे होते. रात्री एक नंतर गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा ते जरा बोलतात. म्हणाले, पुढच्या वर्षी बघू काय होतंय ते. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबरला सुरू झालाय. पुणेकरांना उलवे जवळ. इकडे टी-१ पाडून नवं बांधण्याची योजना जाहीर झालेली आहे, ते काम निघालं की पार्ल्याकडचा ओघ किती राहील ते पार्लेश्वरालाच ठाऊक. मालकाला एका बुकिंग अॅपवाल्यांनी सांगितलंय की आमचा बोर्ड लावा, आमच्या चादरी घाला, आमच्या रंगात भिंत रंगवा. ‘मग वजनकाटा?’ मी विचारलं. ‘त्यांच्या यादीत काटा नाही,’ काका म्हणाले.

या मुद्द्यावर माझं मत एकांगी आहे, मान्य. अॅपमुळे दर कळतात, फोटो दिसतात, एकट्या मुलीला आधीच परीक्षणं वाचून घेता येतात, हे सगळं मीही वापरते. पण रात्री साडेनऊला तुमच्या आईचा इमिग्रेशन ऑफिसर होणारा माणूस कुठल्या फिल्टरमध्ये टाकून शोधायचा, ते मला सांगा. आणि उलवेला नवी हॉटेलं होतीलच. चकचकीत होतील. तिथं बावीस वर्षं रात्रपाळी केलेला माणूस मात्र २०४७ च्या सुमाराला मिळेल.

पावणेतीनला मी जागीच होते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते, तरी २०१८ मध्ये या विमानतळाने एका दिवसात हजाराच्या वर विमानं हाताळली आहेत. आणि पार्ल्याच्या त्या खोलीत झोपलं की प्रत्येक विमान आपलंच वाटतं. तीन वाजून पाच मिनिटांनी एक मोठं विमान समुद्राकडे निघालं, खिडकीची काच थरथरली. तेच होतं की नाही, कोण सांगणार? मी तेच धरलं आणि झोपले.

सकाळी सातला खाली आले तर काकांची पाळी संपत होती. नाश्त्याला कांदेपोहे. छोट्या हॉटेलातले पोहे एरवी पिवळे आणि निमूट असतात. त्या दिवशी त्यांत कढीपत्ता होता, भरपूर, कोवळा, परसातला. मी पानं बाजूला न काढता सगळी खाल्ली.

बिल आलं ३,४६५ रुपये. खोलीचे २,८००, जादा माणसाचे ५००, वर पाच टक्के जीएसटी. गेल्या सप्टेंबरच्या २२ पर्यंत हाच कर बारा टक्के होता, तेव्हा तेवढी बचत. गाडीचे वेगळे. तांब्या आणि खलबत्ता काकांच्या कपाटात ठेवलेत, चिठ्ठीवर आईचं नाव आणि तारीख लिहून. जूनची.